डोंग्याच्या पोटातलं जवसाचं तेल

एरंडेलाचा वास आला की लोक नाक मुरडतात, मला भूक लागते. परवा नातसुनेने केसांना लावायला म्हणून एरंडेलाची एक नक्षीदार बाटली आणली, झाकण उघडलं, आणि मी पलंगावर उठून बसले. आजी, काय हवंय, म्हणून ती धावत आली. मला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे हवे होते, वांग्याची रस्सेदार भाजी हवी होती आणि अंगणात फडफडणारं एक इंजिन हवं होतं. यातलं काहीच नागपुरातल्या तिसऱ्या मजल्यावर मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, काही नाही, चहा टाक.

वणीहून राजूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढे बाबांचं वर्कशॉप, मागे ओळीने तीन खोल्या आणि त्यामागे अंगण. खाणीतल्या कोळशाचे ट्रक दिवसभर दारावरून जात, त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू, वाळत घातलेल्या लुगड्यापासून दुधावरच्या सायीपर्यंत, जराशी काळपट असे. पाहुणा आला की आधी खुर्ची पुसायची आणि मग त्याला बसा म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा मिस्त्री होते. कापसाच्या जिनिंगवाल्यांची ऑइल इंजिनं, पिठाच्या चक्क्या, मळ्यातले पंप, शिवणयंत्रं, जे बिघडेल ते आमच्या दारात यायचं. माझा थोरला भाऊ, दादा, त्यांच्या हाताखाली काम करायचा आणि उरलेला वेळ आखाड्यात घालवायचा. मी, विमल, मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणजे सांगायला घरी, असायची वर्कशॉपमध्येच. आणि माय. माय चारचौघांत बोलत नसे. पुरुष पाहुणा आला की ती स्वयंपाकघरात जायची आणि तिचं मत आम्हाला भांड्यांवरून कळायचं. झाकण हळू ठेवलं तर पाहुणा बरा, आदळलं तर त्याला चहावरच वाटेला लावायचं. बाबा तिला फार मानत आणि बैठकीत बोलतानाही त्यांचा एक कान त्या झाकणाकडे असे.

एकदा बाबा खाणीवरचा पंप दुरुस्त करायला राजूरला गेले आणि परत आले ते बैलांच्या बंडीवर एक अजब चीज लादून. पूर्वी खाणीवर एक गोरा इंजिनिअर होता. त्याला शर्यतींचा नाद. त्याने विलायतेहून ही गाडी आणवली आणि मायदेशी परत जाताना इथेच टाकून गेला. तेव्हापासून ती एका कोठीमागे पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. खाणीवरच्या साहेबांना ती जागा हवी होती, त्यांनी बाबांना सांगितलं, मिस्त्री, हे उचलून न्या. गाडी म्हणजे काय, तर पत्र्याचं लांबट निमुळतं अंग, एकाच माणसाला बसायची जागा, चार बारीक चाकं आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे मोटारसायकलचं इंजिन. टप नाही, दार नाही, दिवा नाही. बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, हा तं डोंगा हाये, म्हणजे नदीतली होडी, आणि त्या दिवसापासून ती डोंगाच झाली. माय दाराआडून बघत होती. माणसं पांगल्यावर तिने विचारलं, “याच्यात सामान कुठं ठेवतेत?” बाबांनी सांगितलं की यात सामान ठेवत नाहीत, ही फक्त पळते. पळून कुठं जाते, असं तिने विचारल्यावर बाबांना खरं तेच सांगावं लागलं, की जिथून निघते तिथेच परत येते. आत जाऊन तिने झाकण आदळलं.

डोंगा अंगणातल्या टिनाच्या छपराखाली राहायला आला. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याच्या तेलाच्या टाकीत बोट घातलं, हुंगलं आणि मोठ्याने हसले. गोऱ्या साहेबाची गाडी एरंडेलावर चालत होती. शर्यतीच्या इंजिनाला तेच तेल लागतं, कितीही तापलं तरी ते आपलं काम सोडत नाही, हे बाबा कुठेतरी ऐकून होते. पण ज्या एरंडेलाचा चमचा घेऊन माय आमच्या लहानपणी अंगणभर आमच्या मागे धावली, तेच तेल हौसेने पिणारं कोणीतरी या जगात आहे, याचं दादाला आणि मला कोण कौतुक वाटलं. तेल्याकडून एरंडेलाचा एक डबा आणून तो डोंग्याच्या नावाने स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवला. तिथे का, तर वर्कशॉपमध्ये कोळशाची धूळ. या जागेमुळे पुढे जे रामायण झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गाडी होती तशी उभी करणं हे निम्मंच काम होतं. ती बनवलेली गुळगुळीत रस्त्यासाठी आणि आमच्याकडे बंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. पहिल्यांदा नुसती ढकलून पाहिली तर ती चाकोरीत पोटावर बसली. मग बाबांनी पुढच्या बाजूला मोडक्या टांग्याची कमान बसवून तिला वीतभर वर उचललं. सडलेल्या पत्र्याच्या जागी वनस्पती तुपाचे डबे कापून, ठोकून बसवले. चेन जिनिंगच्या भंगारातून आली. साहेब त्यात कसलंसं स्पिरिट जाळत असावा, कारण साध्या पेट्रोलवर इंजिन ठणठण वाजायचं. त्यावर बाबांनी सिलिंडरच्या तळाशी एक जाड चकती घालून त्याचा जोर थोडा मोडला. व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे होतं. त्याची दांडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची, मधूनमधून उचलून बघायचं, आणि कडेला सगळीकडे सारखा राखाडी पट्टा दिसेपर्यंत पुन्हा फिरवत राहायचं. ताक घुसळताना कंटाळा करणारी मी, या कामाला जेवण विसरून बसायची. माय बाजूने जाताना म्हणायची, “लोनी निघन तवा मले बलाव.”

डोंगा ढकलूनच सुरू व्हायचा. आत बसायचं कोणी, हा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला. दादाचे खांदे आत जाईनात, बाबांचं पोट स्टिअरिंगच्या चाकाला अडकायचं. उरले मी. पातळाचा घट्ट काचा मारून मी आत बसले, अगदी अंगाबरहुकूम मापात बसले. बाबा आणि दादा मागून ढकलत होते. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी क्लच सोडला आणि माझ्या पाठीमागे अशी काही फटाक्यांची लड लागली की लिंबावरचे सगळे कावळे उडाले. मी रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि वळून परत आले. रस्ता माझ्या खालून जात होता, वारा डोळ्यांत पाणी आणत होता, आणि मी मोठ्याने गात होते असं दादा सांगायचा. मला ते आठवत नाही. घरी आले तेव्हा तोंड काजळीने काळं झालं होतं. मायने भाकर, जवसाची चटणी आणि कांदा पुढे ठेवला आणि मी जेवत असताना ती माझ्याकडे एकटक बघत राहिली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. सकाळी जाग यायची ती डोंग्याच्याच विचाराने.

आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. नदीपलीकडच्या गावात माघ महिन्यात दोन दिवसांचा पट भरायचा. तिथले पंच डोंग्याची कीर्ती ऐकून घरी आले आणि म्हणाले की दुसऱ्या दिवशी शेवटची जोडी सुटली की तुमचा डोंगा पळवा, आधी नको, बैल बुजतील. बाबांनी आनंदाने होकार दिला. ते गेल्याबरोबर मी म्हटलं, मी चालवीन. बाबा म्हणाले की रिकाम्या रस्त्यावर चालवलंस ते ठीक, पण भरल्या पटात पोरीच्या जातीने उतरायचं नाही, दादा चालवेल. खरं कारण मला ठाऊक होतं. पांढरकवड्याचे पाहुणे दिवाळीनंतर मला बघून गेले होते, मुलगी पसंत होती, आणि मुलाचे वडील बैलांचे मोठे शौकीन. कोणताही पट ते चुकवत नसत. याच पटात भेटून लग्नाचं पक्कं करायचं ठरलं होतं. एकदा सासरी गेल्यावर माझ्या हातात चाक कोण देणार होतं? हा पट हुकला की संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी रडले, रुसले, जेवले नाही. मायने मला विचारलं, कायले रडून राह्यली, आणि मी सांगितल्यावर ती भाकरी थापत राहिली. दादासाठी गादी काढून बैठक खोल केली, तरी त्याचे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर येत आणि तो बेडकासारखा दिसे. मी हसले नाही, यावरून माझी अवस्था ओळखावी.

पटाच्या पहिल्या दिवशी सकाळी दादा शेवटची फेरी मारून बघायला बसला. आम्ही ढकललं, त्याने क्लच सोडला आणि मागची चाकं फिरायचीच थांबली. डोंगा मातीत दोन रेघा ओढत फरपटला. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. आठवड्यापूर्वी चांगला पळालेला डोंगा लाकडासारखा घट्ट झाला होता. बाबांनी इंजिन उघडलं तर आत सगळीकडे तपकिरी, चिवट खळ. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारून काढावा लागला. बाबांनी ती खळ नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. जुन्या कढईच्या बुडाला असतो तसा वास होता. कोनाड्यातला डबा आणून पाहिला. एरंडेल निम्मंच, बाकी सगळं जवसाचं तेल. आठवड्यापूर्वीच्या फेरीला आम्ही यातलंच भरलं होतं.

दादाचा पारा चढला. तो म्हणाला, मायनं मुद्दाम केलं, तिला डोंगा पहिल्यापासून नकोच होता. माय तेव्हा चुलीपाशी होती. ती उठून अंगणात आली. उभ्याउभ्याच ती सगळं बोलली.

“देवराव बंडीच्या आसाले एरंडेल मांगाले आलता. पटाले जायाचं होतं त्याले. घरात असून नाही कसं म्हनू? डब्बा निम्मा झाला, तं मी त्याच्यात जवसाचं वतलं. आपन खातो ते. नवं, घानीवरचं. वाईट काय देल्लं म्या त्याले?”

देवराव आमचा शेजारी. आणि मायचा हिशेब साधा होता. एरंडेल हे बंडीच्या आसाला आणि पोट साफ करायला. जवसाचं तेल घरच्या माणसांना. डोंग्याला तिने आपल्या परीने घरचं माणूस करून घेतलं होतं. जवसाचं तेल तापलं की रंगाऱ्याच्या रोगणासारखं वाळून घट्ट बसतं, हे तिला कढई घासताना रोज दिसत होतं, पण इंजिन म्हणजे आतून तापलेली कढईच, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा जमिनीवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू फुटलं. माय मात्र पदराने डोळे पुसत होती, जवसामुळे नव्हे, ‘मुद्दाम’ या शब्दामुळे. दादाने मान खाली घातली आणि तेल्याकडून ताजं एरंडेल आणतो म्हणून जो निघाला तो पळतच.

मग मायने पदर खोचला. काय काय चिकटलं ते समदं काढून द्या म्हणाली. चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि उकळतं पाणी घेऊन ती अंगणात बसली आणि सिलिंडर घासायला लागली. तिने आयुष्यात घासलेल्या सगळ्या कढया एकीकडे आणि तो सिलिंडर एकीकडे. पिस्टनला बाबांनी राख लावू दिली नाही, तो ॲल्युमिनियमचा, ती त्याला खाऊन टाकेल म्हणाले, आणि तो रॉकेलमध्ये बुडवून ते स्वतः चिंधीने पुसत बसले. मी तेलाच्या नळ्यांतून तार फिरवत होते. दुपारी शिळी भाकर आणि ताक यावर भागवलं. आज माझ्या घरात भांडी घासायचं यंत्र आहे; त्याचं मला कौतुक आहे, पण त्याच्याशी गप्पा होत नाहीत. त्या दिवशी अंगणात चौघांच्या गप्पा चालल्या होत्या आणि त्यात सगळ्यांत जास्त माय बोलत होती. उन्हं कलायच्या आत इंजिन जुळलं, ताजं एरंडेल भरलं, आणि ढकलल्याबरोबर डोंगा फडफडला. मायचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते तसेच पुढे धरून ती बाबांना म्हणाली, “अजी, हे म्या घासलं. आता कोन हाकन तेबी मीच सांगीन.”

बाबा म्हणाले, सांग.

“विमल हाकन.”

बाबांनी पांढरकवड्याच्या पाहुण्यांचं नाव काढलं. ती म्हणाली, “आज पोरगा म्हने मायनं मुद्दाम आडवलं. उद्या पोरगी म्हनन. मले नाही ऐकाचं ते.” बाबांनी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, माझे गुडघे तरी वाचतील. मी मायच्या गळ्यात पडले तर ती म्हणाली, सरक, लुगडं काळं होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवरावच्या बंडीतून निघालो, मागे दोराने बांधलेला डोंगा. पटाच्या बाजूला मायने गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. धूळ, गुलाल, हलगीचा आवाज, आणि बैल सुटले की उठणारा तो ओरडा. शेवटची जोडी गेल्यावर पंच आले आणि विचारू लागले, धुरकरी कुठे आहे, म्हणजे हाकणारा. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. एका पंचाने मला आपादमस्तक न्याहाळलं, बाबांकडे बघितलं, आणि बाबांचा चेहरा बघून तो बाजूला झाला. मग दादाने आणि त्याच्या आखाड्यातल्या गड्यांनी डोंगा ढकलला. सुरुवातीला लोकांचा ओरडा ऐकू येत होता, मग फक्त इंजिन. दोन्ही बाजूंनी फेट्यांची भिंत पळत होती आणि मधला पट्टा माझा होता. मला इतका आनंद झाला की पट्टा संपला हे कळलंच नाही. डोंगा सरळ पुढच्या नांगरलेल्या वावरात घुसला आणि ढेकळांत रुतून बंद पडला. त्याला बाहेर काढायला देवरावचे बैल जुंपावे लागले. लोकांनी बैलांवरही गुलाल टाकला आणि माझ्यावरही, आणि तेवढा वेळ मी मुलगी आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नसावं.

पांढरकवड्याचे पाहुणे आमच्या बंडीपाशी येऊन बसले. त्यांनी रोडगे खाल्ले, भाजी मागून घेतली, डोंग्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. हात धुतल्यावर मुलाचे वडील बाबांना म्हणाले, “मिस्त्री, पोरगी गुनाची हाये. पन आमच्या घरी हे असं चालनार नाही.” माय बंडीच्या पलीकडे, त्यांच्याकडे पाठ करून भांडी आवरत होती. ती वळली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “मंग तुमच्या घरी तिचं काही काम नाही जी.” पाहुण्यांनी फेटा सावरला, रामराम केला आणि निघून गेले. बाबांनी आणखी एक रोडगा मागितला. माझं लग्न पुढे ज्यांच्याशी झालं त्यांना सायकलही नीट येत नव्हती आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. पण त्या क्षणी ते सगळं दूर होतं. माझ्यासाठी माय परक्या पुरुषासमोर बोलली, एवढंच मला कळत होतं, आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकांची वर्दळ थांबली होती. मी डोंग्यातली माती काढत होते, बाबा आणि दादा चेन बघत होते. माय हात पुसत आली आणि म्हणाली, “मी मावीन का याच्यात?” आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माती काढायला बाहेर ठेवलेली गादी मी पटकन परत बसवली. तिने लुगडं आवरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि खाली बसली. माझी अंगलट तिचीच. तीही अगदी मापात बसली. तिने चाक दोन्ही हातांनी धरलं, जरा डावीकडे फिरवलं, जरा उजवीकडे, आणि पुढची चाकं वळताना वाकून बघितली. बाबा म्हणाले, इंजिन चालू नाही करत, नुसतं ढकलतो, भिऊ नको. आम्ही हळूहळू ढकलत तिला टिनाखालून काढलं, अंगणातून, वर्कशॉपच्या बाजूने, रस्त्याच्या कडेपर्यंत आणलं. तिची हौस फिटली असेल असं वाटून आम्ही तिथे थांबलो.

मागे वळून न बघता माय म्हणाली, “थांबले काहून? ढकला.”